आतोबांचे सहा बल्ब

उतारावरच्या त्या चाळीस घरांपर्यंत तारेची वीज कधी आलीच नाही. खांब आले. शेवटच्या वळणापर्यंत खांब रोवून माणसं जी गेली ती गेली, तारा ओढायला तीस वर्षांत कुणी फिरकलं नाही. लोकांनी मग खांबांना कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्या, त्यामुळे ते अगदीच फुकट गेले असं काही म्हणता यायचं नाही.

ह्या घरांत उजेड आणला तो फिटरने. त्याला सगळे फिटरच म्हणतात, बायकोसुद्धा, रागात असली की. पंचेचाळिशीचा, हडकुळा, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. माणूस प्रेमळ, पण विजेच्या बाबतीत एकदम कडक. कुणाच्या घरी दिवसा दिवा जळताना दिसला तर स्वतः पाहुणा असला तरी उठून बटण बंद करायचा, आणि वर घरमालकाकडे असं बघायचा, जणू त्याने दूध सांडून ठेवलंय.

त्याची कामाची पद्धत ठरलेली होती. छपरावर चढण्याआधी तो स्वयंपाकघरात बसायचा, चौकटीची वही उघडायचा आणि विचारायचा, "काय काय लावणार? किती तास?" मग यादी व्हायची. दिवे किती, पंखा किती वेळ, मोबाइल किती जणांचे. यादीवरून तो ठरवायचा की छपरावर पॅनल किती आणि खाली बॅटरी केवढी.

"हे बघा," तो सगळ्यांना एकच पाठ सांगायचा, "वरची काच दिवसभर उन्हातून वीज करते. ही बॅटरी म्हणजे तुमचा हौद. मधला हा डबा, कंट्रोलर, हौद भरला की वरचं पाणी बंद करतो. हा इन्व्हर्टर, बॅटरीतली वीज तुमच्या दिव्या-पंख्याला चालेल अशी करून देतो, आणि हौद फार खाली गेला की सरळ हात वर करतो. हौद अर्ध्याच्या खाली न्यायचा नाही. नेलात तर बॅटरी दोन वर्षांत मरेल, आणि मग माझ्या नावाने ओरडायचं नाही."

आता यादी म्हटली की माणसं खोटं बोलणारच. एका निवृत्त हेडमास्तरांनी टीव्ही टेबलक्लॉथखाली झाकून ठेवला होता आणि त्यावर फुलदाणी. एका नव्या सुनेने केस सरळ करायचं यंत्र लपवलं होतं, ते तिसऱ्या दिवशी इन्व्हर्टरने किंचाळून सांगितलं. फिटरला ह्या लबाड्या पाठ झाल्या होत्या. तो म्हणायचा, "माणूस थापा मारतो, बॅटरी मारत नाही."

एकाच घरी त्याने यादी न तपासता मान्य केली होती. ते घर शेवटच्या वळणावरचं, त्याच्या आत्याचं.

आत्याने त्याला वाढवलं होतं. तो सहा वर्षांचा असताना आई गेली, वडील ट्रकवर. आत्या शिवणकाम करायची. एका पायमशीनवर तिने स्वतःचा मुलगा आणि हा भाचा, दोघांची शिक्षणं ओढली. कंदिलाच्या उजेडात ती बोलता बोलता सुईत दोरा ओवायची, सुईकडे बघायचीसुद्धा नाही. काज तर असे करायची की शर्ट फाटेल पण काज उसवणार नाही. चार वर्षांपूर्वी फिटर तिच्याकडे वही घेऊन बसला तेव्हा ती म्हणाली होती, "मला काय लागतंय? तीन दिवे, एक पंखा, रेडिओ. आणि तुझा तो मोबाइल." त्याने पाच-पाच वॅटचे तीन दिवे लिहिले, एक पॅनल बसवलं, एक बॅटरी ठेवली, आणि हे घर आपल्या सगळ्या कामांत उत्तम जमलं म्हणून मनातल्या मनात खूश झाला. मागच्या वर्षापर्यंत तिथे एकदाही वीज गेली नाही.

आणि ह्या वर्षी जायला लागली. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग एक दिवसाआड. रात्रीचे आठ वाजले की इन्व्हर्टर कुंई करायचा आणि घर काळंठिक्कर. अशाच एका अंधारात आत्या मशीनच्या कोपऱ्यावर आपटली आणि नडगी सोलून घेतली. ते तिच्या मुलाला कळलं. तो शहरात, तिसऱ्या मजल्यावर राहायचा, आईवर जीव टाकायचा आणि त्यामुळेच ओरडायचा. फिटर त्याला दादा म्हणायचा.

"बास झालं," दादा फोनवर म्हणाला. "चौऱ्याहत्तर वर्षांची बाई एकटी त्या टोकाला. मी गाडी घेऊन येतो. माझ्याकडे एक खोली तिचीच आहे."

"दादा, महिनाभर दे. वीज माझ्यावर सोड."

"बरं, महिना. पण ह्या महिन्यात एकदा जरी तिच्याकडे अंधार झाला ना, तर तू मधे बोलायचं नाहीस."

"नाही बोलणार."

आत्या फिटरच्या शेजारीच बसून हे सगळं ऐकत होती. तिने मशीनवरची धूळ पदराने पुसली. तिसऱ्या मजल्यावर ते मशीन जाणार नव्हतं. खालच्यांना आवाज होतो असं सूनबाईंनी फार गोड शब्दांत आधीच कळवलेलं होतं.

फिटर कामाला लागला. पॅनलवरची पक्ष्यांची घाण धुतली. दुपारनंतर सावली टाकणारी एक फांदी छाटली, कारण काचेच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळं पॅनल निम्मं झोपतं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरल्यासारखं साचलं होतं, ते गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावलं. बॅटरीत डिस्टिल्ड पाणी भरलं. सगळं झकास. दोन दिवसांनी पुन्हा आठला अंधार. आत्याने ते दादाला कळवलं नाही, फिटरनेही नाही. दोघांनी त्याबद्दल एकमेकांकडे बघितलंही नाही.

मग त्याने बॅटरीच बदलली, स्वतःच्या घरची काढून आणली. बायको म्हणाली, "आणि आपण काय करायचं?" तर म्हणाला, "लवकर झोपू." ती जोडली तरी चौथ्या दिवशी तेच. फिटरने हात टेकले. ऊन पडतंय, पॅनल वीज देतंय, बॅटरी ठणठणीत, यादी एवढीशी. मग जाते कुठे? कुठेतरी पाणी मुरतंय एवढं त्याला कळत होतं, पण कुठे ते काही सापडेना.

खरं म्हणजे दिसत होतं बरंच. मशीनच्या वरचा दिव्याचा होल्डर पिवळा पडला होता, कडेने जरासा वाकलाही होता.

"आत्या, हा होल्डर असा कसा झाला?"

"जुना झाला. माझ्यासारखा."

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाला भाजलेली होती. "दूध उतू चाललं होतं," ती म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात अंगठा भाजला. फिटर म्हणाला, "तुझ्या दुधाला फारच घाई असते." ती हसली आणि त्याला चहा टाकायला उठली. दुसऱ्या कुणाचा होल्डर असा दिसता तर त्याने तिथल्या तिथे त्या माणसाला उभं केलं असतं. पण आत्या खोटं बोलेल हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं.

महिन्याचे सहा दिवस उरले होते, त्या दिवशी त्याची मोटरसायकल पंक्चर झाली. ती मोटरसायकल साऱ्या उताराला माहीत होती. खोकत चढायची, आणि शेवटच्या वळणाआधी तर अशी ढास लागायची की वर आत्याला चार मिनिटं आधी कळायचं, आला. त्या संध्याकाळी तो चालत निघाला. दिवस नुकता मावळला होता. वळण घेतलं आणि तो थबकला.

आत्याच्या खिडकीत पिवळा उजेड होता.

फिटरचे सगळे दिवे पांढरे. चाळीसच्या चाळीस घरांत पांढरे, एकाच खोक्यातले. हा उजेड जुना होता, त्याच्या लहानपणी बाजारपेठेतल्या दुकानांत दिसायचा तसला. तो दबकत खिडकीपाशी गेला.

मशीनच्या वर, पिवळ्या पडलेल्या त्या होल्डरला शंभर वॅटचा तारेचा बल्ब लटकत होता. दुसरा दाराजवळ. दोन बल्ब म्हणजे दोनशे वॅट. त्याच्या यादीतले तिन्ही दिवे मिळून पंधरा. हे दोन राक्षस तिची बॅटरी आठ वाजेपर्यंत चाटूनपुसून खात होते. संतापाने त्याने तोंड उघडलं, हाक मारणार एवढ्यात त्याला आत्या दिसली.

ती बल्बाच्या अगदी खाली उभी होती. एका हातात सुई, एका हातात दोरा, आणि मान इतकी वर केलेली की बल्ब कपाळाला लागेल. तिने दोरा ओठांत ओला केला, बोटांनी चिमटला, सुईपाशी नेला. चुकला. पुन्हा ओला केला. चुकला. सुई फिरवून बघितली, डोळा बारीक केला, दुसरा डोळा बारीक केला. फिटर मोजत नव्हता, पण तेरा-चौदा वेळा तरी झालं असेल. मग तिने सुई बोटाच्या टोकाने चाचपली, नेढं कुठे आहे ते नखाने शोधलं, आणि पुन्हा सुरुवात केली. चिडली नाही की उसासा टाकला नाही. हे तिचं रोजचंच झालेलं होतं.

 दिवा बंद करायचं फिटरला सुचलंसुद्धा नाही. तो आत गेला, तिच्या हातातून सुई-दोरा घेतला आणि ओवून दिला. आत्या दचकली, मग गाडीचा आवाज कसा आला नाही म्हणून दाराकडे बघायला लागली.

"पंक्चर झाली," तो म्हणाला.

"असं," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. चोरी पकडली गेली होती. तिने पदराने तोंड पुसलं, आणि मग तिनेच सुरुवात केली.

"तुझ्या आतोबांनी आणले होते ते. खांब आले ना, त्याच आठवड्यात. म्हणाले, आज खांब आले म्हणजे उद्या तारा येणार, मग दुकानात बल्ब मिळायचे नाहीत, सगळे धावतील. सहा आणले. भुशात घालून खोक्यात ठेवले. ते गेले तरी खोकं तसंच. कापडं ठेवायच्या पेटीखाली."

"आणि तू ते काढलेस."

"तुझा दिवा मला पुरत नाही रे. चार वर्षांपूर्वी पुरायचा. आता त्यात नुसतं दूध पसरल्यासारखं दिसतं. बाहेर उन्हात बसले तर उन्हाचाही पांढरा पडदा होतो. ह्या बल्बाखाली निदान सुई कुठे आहे ते कळतं." ती थांबली. "एक फुटला माझ्या हातून. तीन आहेत अजून खोक्यात."

"आणि मी यायचो तेव्हा?"

"तुझी गाडी खोकली की काढायचे. फडक्याने धरून. पण तापलेले असतात मेले."

म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांची, डोळ्यांना नीट दिसत नाही अशी ही बाई, दर वेळी चार मिनिटांत, दाराजवळच्यासाठी तर स्टुलावर चढून, दोन जळते बल्ब काढत होती आणि त्याचे दोन पांढरे दिवे लावत होती. कशासाठी, तर भाच्याने रागावू नये म्हणून. फिटर तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"मला सांगायचंस ना, आत्या."

"कसं सांगू? तू लोकांच्या घरात शिरून दिवे बंद करतोस. आणि तुला सांगितलं असतं तर दादाला कळलं असतं. दिसत नाही म्हटल्यावर कोण मला इथे राहू देणार होतं?"

 आपणच हिला अंधारात बसवलं, असं फिटरला वाटलं, आणि ते बरंचसं खरंही होतं. चाळीस घरांचे वॅट त्याला तोंडपाठ, पण ज्या बाईने त्याचा पहिला शाळेचा शर्ट शिवला तिला दिसतंय का, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते आत्याला दिसले नाहीत हे लक्षात येऊन जास्तच भरून आले.

त्याने त्याच संध्याकाळी दादाला फोन केला आणि सगळं सांगितलं, आठचे अंधारसुद्धा. आत्या समोर बसून ऐकत होती. तिने त्याच्याकडे असं बघितलं, जणू घरातल्याच माणसाने दगा दिला होता. 

"मी उद्या येतो," पलीकडून दादा म्हणाला.

तो आला, पण गाडी निघाली ती डोळ्यांच्या दवाखान्याकडे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि हसऱ्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून बसलेला. "आजी, एवढे दिवस काय करत होतात?"

"बल्ब बदलत होते," आत्या म्हणाली.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, काही आठवड्यांनी दुसऱ्याचं. मधले दिवस ती फिटरच्या घरी राहिली. थेंब घालायचं काम त्याचं, वेळेचा तो पक्का. दादा दर शनिवारी यायचा. त्याचा राग ओसरला होता, पण म्हणणं सोडलं नव्हतं. "डोळे झाले हे उत्तम. पण विजेचा महिना मी आता मोजणार, पहिल्यापासून. ती घरी जाईल त्या दिवसापासून एक महिना. एकदाही अंधार नको. मग मी येऊन बघेन आणि ठरवीन."

आत्या आपल्या घरी परतली त्या संध्याकाळी फिटरने तिचे तिन्ही पांढरे दिवे पुसून लावले आणि बटण दाबलं. आत्याने डोळे मिटून घेतले.

"काय झालं?" तो घाबरलाच. "दुखतंय?"

"अरे, केवढा हा झगमगाट! लग्नाचा मांडव आहे का हा? काहीतरी बारीक लाव."

"आत्या, पाच वॅटचा आहे. तोच आहे, चार वर्षांपूर्वीचा."

"मग तीनचा लाव. उगीच वीज कशाला जाळतोस?"

फिटरला हसावं की रडावं कळेना. साऱ्या उतारावर इतकी वर्षं तो हे वाक्य लोकांना ऐकवत आला होता, ते आज पहिल्यांदा त्याला कुणीतरी ऐकवलं. त्याने मुकाट्याने तीन वॅटचा लावला. आत्याने सुई घेतली, दोरा घेतला, आणि चहात साखर किती घालू असं त्याला विचारता विचारता ओवून टाकला.

तेव्हापासून फिटरच्या हत्यारांच्या पिशवीत एक सुई आणि दोऱ्याचं रीळ असतं. नव्या घरी वही उघडण्याआधी तो घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाच्या हातात ती देतो. लोक हसतात. हेडमास्तरांनी तर भुवया उंचावून, "हे काय, शिवणकामाची परीक्षा?" असं विचारलं आणि तीनदा चुकले. फिटरने त्यांच्या खुर्चीजवळ एक दिवा वाढवला आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. टीव्हीबद्दल एक अक्षर बोलला नाही.

महिना संपला तो रविवारी. दादा आला भर दुपारी, बारा वाजता. गाडीची मागची सीट त्याने रिकामी ठेवली होती, ते आत्याने खिडकीतून आधीच बघितलं. फिटर कंट्रोलरसमोर उभा होता. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. बॅटरी काठोकाठ भरली होती आणि वरून ऊन तर मुसळधार पडत होतं.

"एकदाही गेली नाही," फिटर म्हणाला. "ढगाळ दिवसांतसुद्धा नाही. उलट रोज दुपारी उरते. हौद भरला की पुढची सगळी वीज वाया जाते, ती साठवायला जागाच नाही."

"वाया जाते?" आत्या म्हणाली. "रोज?"

"रोज. बारा ते तीन."

ती आत गेली. पेटी सरकवल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात भुसा चिकटलेला एक बल्ब होता, आतोबांचा. तिने तो पदराने पुसला आणि फिटरच्या हातात दिला. फिटरने मशीनवरचा पांढरा दिवा काढला आणि तो लावला. तो होल्डर त्याने चिनी मातीचा, तापाला टिकणारा, कधीच बदलून ठेवला होता. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

बल्ब लागला. दारातून, खिडकीतून ऊन आत ओसंडत होतं, त्यामुळे त्याचा उजेड कशावरच पडेना. नुसती आतली तार तेवढी पिवळीजर्द दिसत होती.

"आई," दादा म्हणाला, "भर दुपारी दिवा?"

"तुझे बाबा खांब बघून आले त्या दिवशी असेच उभे होते इथे. म्हणाले, बघ, इथे लावायचा." आत्या वर बघत होती, दोन्ही डोळे उघडे ठेवून, न मिचकावता. "मी आधी लावले ते चोरून लावले. आणि तेव्हा मला दिसत नव्हतं."

 दादा आईशेजारी येऊन उभा राहिला आणि तोही वर बघायला लागला. थोड्या वेळाने त्याने गाडीची किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी मुलांना घेऊन येतो. आजीचं घर बघायला."

मग त्याने फिटरकडे बघितलं. ह्या माणसाचा हात आता बटणाकडे जाणार, अशी त्याची खात्रीच होती. फिटरने वही काढली, आत्याच्या घराचं पान उघडलं, आणि चार वर्षांपूर्वीच्या यादीखाली सावकाश लिहिलं: शंभर वॅट, एक. दुपारी, अर्धा तास, रोज.